थोरलीचा ड्रेस

आईने ड्रेस खाली काढला तेव्हा थोरली घरात नव्हती. आईने वेळच तशी साधली होती. थोरली अस्तर आणि चेन आणायला बाजारात गेली, तिची पाठ वळली, आणि आईने धाकटीला स्टुलावर चढवून कपाटावरची पिशवी काढायला लावली. थोरली परत आली तर तिचा लग्नाचा ड्रेस पुढच्या खोलीत, तिच्याच कापायच्या टेबलावर, ऐसपैस पसरला होता आणि धाकटी त्याच्या बाहीत हात घालून बोटं हलवून बघत होती.

“हे काय चाललंय?” थोरलीने विचारलं.

“अगं, नुसता पडून होता,” आई म्हणाली. “थोडा आत घेतला की हिला होईल. तेवढीच सोय.”

“कोणाला विचारून?”

“घरातल्या घरात काय विचारायचं? आणि तुला तरी तो आता कशाला हवाय? बघितला की नको त्या आठवणी यायच्या.”

धाकटीने बाहीतून हात काढला, पण ड्रेस काही उचलला नाही. “मी विचारलं होतं ना तुला, नवीन शिवून देशील का म्हणून. तू नाही म्हणालीस.”

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिन्यापूर्वी धाकटीने विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, “मी लग्नाचे कपडे शिवत नाही. दुसरे शिंपी काय मेलेत?” आणि हे म्हणताना तिच्या मशीनखाली कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याच्या मुलीचा लग्नाचाच ड्रेस होता. धाकटीने तो बघितला, धाकटी बघतेय हे थोरलीने बघितलं, आणि विषय तिथेच संपला.

दोघींचं हे आजचं नव्हतं. थोरलीचं लग्न मोडलं आणि ती सुटकेस घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा दार धाकटीने उघडलं होतं. तोवर मागची खोली तिची एकटीची होती. तिने सुटकेसकडे बघितलं आणि विचारलं, “किती दिवस?” त्याला आता वर्षं लोटली. धाकटी दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायला लागली, चष्म्याच्या दुकानातला एक जण तिथे दाढ काढायला आला आणि दाढ ठेवून, काळीजही ठेवून गेला, दोघांचं ठरलं. पण ते दोन शब्द थोरलीने मात्र नीट जपून ठेवले होते, आणि अधूनमधून काढून त्यांना धार लावत होती.

राहिला ड्रेस. आईला वाटायचं, ही फसलेल्या लग्नाची निशाणी. धाकटीला वाटायचं, चांगलं कापड फुकट जातंय. दोघींनाही काडीचं कळत नव्हतं. लग्न फसलं होतं, ड्रेस फसला नव्हता. सायीच्या रंगाचं जड सॅटिन, उरेब, म्हणजे तिरका कापलेला घेर, आतूनही बाहेरच्याइतकी स्वच्छ शिलाई, बाहीच्या मुंढ्याला एक सुरकुती नाही. थोरलीने स्वतःसाठी म्हणून शिवलेला तो शेवटचा कपडा. त्यानंतर जे शिवलं ते लोकांच्या अंगावर निघून गेलं, आणि लोक कपड्याला कसे वागवतात ते शिंप्याला विचारा. घरात कोणी नसलं की ती कधीतरी पिशवी काढायची, ड्रेस उलटा करून आतले टाके बघायची, आणि आपल्याला काय येतं ते तिचं तिला पुन्हा पटायचं. हे कोणाला ठाऊक नव्हतं. तिला तो ड्रेस जसाच्या तसा परत हवा होता. “नको, तो माझा आहे, ठेव,” एवढंच म्हणायचं होतं.

ती म्हणाली, “घेऊन जा. कपाटावर जागा तरी होईल. मी मात्र त्याला सुई लावणार नाही.”

“तुला सांगतंय कोण? मी माझा करून घेणार आहे. माझा मीच.”

“तू? तुला कधी धड बटण लावता आलंय का?”

“मोबाइलवर सगळं दाखवतात.”

“मग मोबाइललाच घाल तो ड्रेस.”

आई हसली आणि दोघींनी एकाच वेळी तिच्याकडे असं बघितलं की ती स्वयंपाकघरात निघून गेली.

पुढच्या खोलीत शिवणकाम चालायचं. दोन मशीनं, मधे टेबल, भिंतीवर उभा आरसा, आणि सगळीकडे दोऱ्याचे तुकडे. पूर्वी सगळं आईचं होतं. आता तिच्या बोटांचे सांधे सुजलेले असायचे, म्हणून ती टाके उसवायची आणि सल्ले द्यायची, आणि काम थोरली करायची. धाकटीला बसायला दुसरी जागाच नव्हती, असं ती म्हणायची. थोरलीच्या मते जागा घरभर होती. पण मागच्या खोलीत बसून छळता येत नाही ना. दवाखान्यातून आली की धाकटी आईच्या बंद मशीनपाशी बसायची आणि ड्रेस मांडीवर घ्यायची.

तिने शिलाईचं नवंकोरं सामान आणलं होतं. “तुझ्या कात्रीला हात लावणार नाही, घाबरू नकोस,” ती म्हणाली. डब्यात कात्री होती, टेप होती, टाचण्या होत्या, आणि एक उसवायचं हत्यार, जे तिने पहिल्याच दिवशी उलटं धरलं. थोरलीने ते बघितलं आणि समाधानाने दोरा तोडला.

पण धाकटी नेटाची होती, हे मान्य करायला हवं. आधी तिने बाह्या काढल्या. लांब, मनगटापर्यंतच्या बाह्या. मुंढ्यावरचा एकेक टाका उचलून, कापड न फाडता. थोरलीने ते टाके इतके बारीक घातले होते की धाकटीला टेबलावरचा दिवा जवळ ओढावा लागला. “कोणी शिवलंय हे, मुंगीने?” ती पुटपुटली. कौतुकच होतं ते एका परीने, पण थोरलीला ते शिवीसारखं लागलं. मग बाजूची शिवण उघडून खिसे घातले.

“लग्नाच्या ड्रेसला खिसे?” थोरलीच्याने राहवलं नाही.

“हात कुठे ठेवायचे मग?”

“नवऱ्याच्या हातात ठेवतात.”

“तू ठेवले होतेस ना? काय झालं?”

असं बोलणं व्हायचं. त्यानंतर तासभर मशीनचा आवाज उगीचच मोठा वाटायचा. थोरली इस्त्री आपटायची. धाकटी मोबाइलवरच्या बाईचा आवाज वाढवायची.

खिशांनंतर तिने घेराच्या खालच्या काठावर निळ्या दोऱ्याने भरतकाम सुरू केलं. थोरलीला वाटलं, फुलं असतील. दोन दिवसांनी बघते तर चष्मे. इवले इवले चष्मे, दोन गोल आणि दोन काड्या, ओळीने.

“डोळे तपासायला चालली आहेस की लग्नाला?”

“त्याला आवडेल.”

“त्याला काय, त्याला जवळचं दिसतच नाही.”

आई दारातून फिस्सकन हसली आणि पुन्हा आत पळाली. धाकटीच्याही ओठाचा कोपरा हलला होता, पण तिने मान खाली घालून दोरा ओवला. थोरली मनातल्या मनात हिशेब करत होती तो वेगळाच. बाह्या काढल्यात, पण फाटल्या नाहीत; पुन्हा लावता येतील. खिसे उसवता येतील. चष्मे उपटून टाकता येतील. अजून कापड कुठेच कापलेलं नव्हतं. ड्रेस अजून तिचा होता. अजूनही बोलता आलं असतं, आणि रोज ती दुसरंच काहीतरी टोचून बोलत होती.

आता या घरातल्या टेपची गोष्ट सांगायला हवी. आईच्या गळ्यात जी टेप असायची तिच्या टोकाचं पितळ फार पूर्वी गळून पडलं होतं आणि पाठोपाठ पहिला इंचही फाटून गेला होता. टेप सुरूच एकापासून व्हायची. दुसऱ्या कोणी नवीन घेतली असती. आई म्हणाली, एक इंच गेला म्हणून बाकीची टेप टाकून देऊ की काय? तेव्हापासून टेपवर जो आकडा दिसेल त्यातून एक वजा करायचा, ही घरची पद्धत झाली. दोन्ही मुली शाळेत वजाबाकी शिकायच्या आधी ही वजाबाकी शिकल्या. गिऱ्हाइकाच्या कंबरेला टेप गुंडाळली की तोंडातून आपोआप निघायचं, “एक वजा.” ते ऐकून काही बायका भलत्याच खूश व्हायच्या.

रविवारी दुपारी धाकटी माप घ्यायला आरशासमोर उभी राहिली. ड्रेस तिला ढगळ होता. छाती, कंबर, नितंब, सगळीकडून आत घ्यायचा होता. तिने डब्यातली टेप काढली. नवी, पिवळी, दोन्ही टोकांना पितळ. कंबरेला गुंडाळून तिने मान वाकवली आणि पुटपुटली, “तीस. एक वजा, एकोणतीस.”

थोरलीचा पाय मशीनच्या पायडलवर तसाच थांबला.

“चौतीस. एक वजा, तेहेतीस.”

नव्या टेपचा इंच शाबूत होता. वजा करायचं काही कारणच नव्हतं. लहानपणीची सवय बोलत होती, आणि धाकटीला आपण बोलतोय हेही कळत नव्हतं. ती खडूने कापडावर खुणा करत गेली. थोरलीला ड्रेस पाठ होता. खुणा कुठे पडताहेत ते तिला लांबून दिसत होतं. अंगाला चोपून बसणारा ड्रेस, त्यात हे सगळीकडून इंच-इंच कमी. तो या मुलीच्या पाठीवर जन्मात बंद होणार नव्हता.

एक शब्द पुरे होता. “टेप नवी आहे.” बस्स. थोरलीने मूग गिळले आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

तिने स्वतःची समजूत अशी घातली की काही बिघडणार नाही. आता ही कच्चे टाके घालेल, अंगात घालून बघेल, ड्रेस होणार नाही, मग रडेल आणि नाद सोडेल. कापड सुखरूप, ड्रेस पुन्हा पिशवीत. फजितीही होईल आणि ड्रेसही वाचेल. बरा बेत होता.

पण धाकटीने सुई घेतलीच नाही. तिने कात्री घेतली.

“अगं ए,” आई दारातून ओरडली, “आधी कच्चा टाका घाल, अंगात घालून बघ! कापायचं सगळ्यात शेवटी!”

“नको,” धाकटी म्हणाली. “जादा कापड आत ठेवलं की कोणालातरी वाटत राहतं, उसवून परत मोठा करता येईल.”

हे आईला नव्हतं. कात्री उघडी धरून ती थोरलीकडे बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली.

“काय?” थोरली म्हणाली.

“काही नाही.”

आणि तिने कापलं. जड सॅटिनवर कात्री चालली की एक आवाज होतो, तो शिवणाऱ्याच्या कानाला एरवी गोड लागतो. थोरलीला आनंद झाला. खोटं कशाला बोला, झाला. मूर्ख मुलगी स्वतःच्या हाताने स्वतःचा खड्डा खणत होती. आणि त्याच वेळी तिची बेकरीवाल्याच्या मुलीच्या बाहीवरची टीप वाकडी गेली. बाजूच्या दोन्ही शिवणींच्या लांब पट्ट्या जमिनीवर पडल्या. आपला ड्रेस आपल्या डोळ्यांदेखत कापला गेला आणि आपण गप्प बसलो, हे तिला कळायला त्या पट्ट्या खाली पडाव्या लागल्या.

संध्याकाळपर्यंत धाकटीने दोन्ही बाजू शिवल्या आणि ड्रेस अंगात चढवला. समोरून छान. मग आई मागे गेली आणि म्हणाली, “श्वास सोड.” धाकटीने सोडला. “अजून सोड.” तिच्याकडे आणखी सोडायला नव्हता. पाठीवर दोन काठांमध्ये चांगली दोन बोटं उघडी राहिली होती.

धाकटीने टेप ओढून कंबरेला लावली. “तीस. एक व...” ती थांबली. तिने टेपचं टोक डोळ्यांसमोर धरलं. पितळ चकाकत होतं. मग ती अगदी सावकाश थोरलीकडे वळली.

“तू इथेच बसली होतीस.”

“मी माझं काम करत होते.”

“तुला ऐकू येत होतं. मी दर वेळी एक वजा म्हटलं असणार.”

“मला विचारलं होतंस? माझा मीच, माझा मीच, घरभर चाललं होतं. मग कर की तुझा तूच!”

“इतकी विषारी असशील असं नव्हतं वाटलं.”

“आणि तू? दुसऱ्याचा ड्रेस कापताना हात थरथरला तरी का?”

“दुसऱ्याचा? ‘घेऊन जा’ कोण म्हणालं?”

“दोघी गप्प बसा!” आईचा आवाज चिरकला. “लग्न तोंडावर आलंय. थोरले, आता तूच नीट कर तो. तुझ्या हातचाच आहे.”

“होता,” थोरली म्हणाली.

“आणि हिने हात लावलेलं मला नकोच,” धाकटी म्हणाली. तिने ड्रेस डोक्यावरून ओढून काढला, बोळा करून पिशवीत कोंबला आणि मागच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली. त्या रात्री थोरलीला पुढच्या खोलीत टेबलाखाली झोपावं लागलं, कारण मागची खोली तिचीही होती.

त्यानंतर धाकटी पुढच्या खोलीत आलीच नाही. तिथे टोचून बोलणारं कोणी नव्हतं, मोबाइलवरची बाई नव्हती, आणि थोरलीला वाटलं होतं तितकं बरं वाटत नव्हतं. धाकटी काय करतेय ते आईकडून कळायचं, आणि आई ते थोरलीला न सांगितल्यासारखं करून सांगायची. काढलेल्या बाह्या कापल्या म्हणे. उरेब पट्ट्या काढल्या म्हणे. पाठीवर नाडी ओवायला केलेल्या दोऱ्याच्या काजांना फाटे फुटत होते म्हणून कापडाच्या बारीक नळ्या करून त्यांची काजं केली. लहानपणी आई तिला तेवढंच एक काम द्यायची, तेवढंच तिला येत होतं.

लग्नाच्या दिवशी हॉलच्या बाजूच्या खोलीत थोरलीने ड्रेस पहिल्यांदा पुरा झालेला बघितला. पाठीच्या दोन्ही काठांना वरपासून खालपर्यंत काजांची रांग होती, त्यांतून ओवायला सॅटिनची लांब नाडी, आणि उघड्या पाठीवर आतून बाहीच्या कापडाची पट्टी. चेन बसत नव्हती म्हणून केलेली सोय होती ती, पण कोणी सोय म्हटलं नसतं. मुद्दाम तशीच काढलेली कल्पना वाटत होती. वाईट झाला असता तर थोरली सुखी झाली असती. चांगला झाला होता. खिशांसकट, चष्म्यांसकट चांगला झाला होता, आणि तिने शिवलेलं त्यात काय उरलंय ते शोधावं लागत होतं.

आईने नाडी ओवली, पण ओढायची वेळ आली तेव्हा तिच्या बोटांनी ऐकलं नाही. दोनदा प्रयत्न करून ती खुर्चीवर बसली आणि बोटं चोळायला लागली. बाहेर लोक जमायला लागले होते. पाठ उघडी टाकून धाकटी आरशासमोर उभी राहिली. तिच्या मागे थोरली उभी होती आणि खोलीत तिसरं कोणी नाडी ओढण्याजोगं नव्हतं.

“ताई,” धाकटी म्हणाली. “बांधतेस का?”

किती दिवसांनी तिने थोरलीला काही विचारलं होतं. थोरली पर्स उचलून बाहेर जाऊ शकली असती, आणि क्षणभर तिने पर्सकडे बघितलंही. मग ती पुढे झाली आणि वरच्या काजापासून नाडी आवळायला लागली.

“त्या दिवशी कापायच्या आधी मी थांबले होते,” धाकटी आरशात बघून म्हणाली. “आठवतं?”

“आठवतं. मला खिजवत होतीस.”

“नाही. तू नको म्हणशील म्हणून थांबले होते.”

थोरलीचे हात थांबले.

“मला कळत होतं तुझा जीव होता त्यात,” धाकटी म्हणाली. “तुला पिशवी काढून बघताना मी दोनदा बघितलंय. तू एकदा नुसतं नको म्हणाली असतीस ना, तर बाह्या लावून, इस्त्री करून परत दिला असता. मला दुकानातलाही चालला असता. मी म्हटलं, आता तरी बोलेल. इतकं बोलतेस तू एरवी.”

“तू विचारायचं होतंस.”

“तू सांगायचं होतंस.”

आईने खुर्चीत मान खाली घातली. थोरलीला आरशात स्वतःचं तोंड दिसलं आणि ते बघवेना. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम या पोरीच्या हट्टापायी गेलं असं ती इतके दिवस धरून चालली होती, आणि त्या रागावर तिचं बरं चाललं होतं. आता तोही राग धड राहिला नाही. एका शब्दात वाचत होता ड्रेस, आणि तो शब्द तिच्याच तोंडात होता. तिला रडू फुटलं, संतापाचं, आणि नाडी धरलेल्या हातांनी डोळे पुसता येईनात.

“बोल ना काहीतरी,” धाकटी म्हणाली. तिचाही आवाज फुटला होता. “आता तरी बोल.”

थोरलीने दात आवळून नाडी ओढली.

“सरळ उभी राहा,” ती म्हणाली.